‘पृथ्वी फिरते’ : सूर्यकेंद्र-कल्पनेच्या उगमाची एक चिकित्सा

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या हस्तलिखित वार्षिकात एका विद्यार्थ्याचा निबंध आम्ही मोठ्या कौतुकाने समाविष्ट केला होता. विषय होता ‘आपले प्राचीन शास्त्रज्ञ’. कोपर्निकसच्या आधी हजार वर्षे आर्यभटाने पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध केले होते, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्याखाली तांबड्या शाईने ‘उत्तम’ असा शेरा आम्हीच दिला. स्नेहसंमेलनात तो निबंध वाचला गेला व टाळ्याही पडल्या. पुढे चार दिवसांनी संस्कृतच्या अध्यापिकाबाई आमच्या खोलीत आल्या आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, “सर, हे आर्यभटीयात कोठे आले आहे?” आम्हांस उत्तर देता आले नाही. उत्तर शोधण्याच्या खटपटीत जे हाती लागले, ते अध्यापकबंधुभगिनींपुढे व परिषदेच्या सभासदांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विज्ञानाच्या इतिहासावर मराठीत जे लेखन होते, त्यातील बरेचसे चरित्रात्मक असते. अमुक शोध प्रथम कोणी लावला, त्याचा छळ कोणी केला, आणि शेवटी सत्याचा विजय कसा झाला, अशा तीन पायऱ्यांनी ते वर चढते. वाचकाला ते रुचतेही. परंतु सूर्यकेंद्र-कल्पनेसारख्या विषयात या तिन्ही पायऱ्या निसरड्या आहेत, असे आमचे नम्र मत आहे. आणि आमच्या मते घसरण्याचे पहिले ठिकाण इतिहासात नसून आपल्या भाषेतच आहे.

मराठीत आपण ‘पृथ्वी फिरते’ असे म्हणतो. भोवराही फिरतो आणि घाण्याचा बैलही फिरतो. भोवरा स्वतःभोवती फिरतो, बैल घाण्याभोवती फिरतो. पण क्रियापद एकच. शास्त्रीय परिभाषेने यासाठी ‘परिवलन’ आणि ‘परिभ्रमण’ असे दोन शब्द दिले आहेत. पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती एका दिवसात फिरते ते परिवलन. सूर्याभोवती वर्षात फिरते ते परिभ्रमण. पुस्तकात मुले हे दोन शब्द पाठ करतात, आणि पुस्तक मिटले की पुन्हा ‘फिरते’ या एका शब्दावर येतात. मुलेच काय, आम्हीही येतो. ‘आर्यभटाने पृथ्वी फिरते असे सांगितले’ हे वाक्य पूर्णतः खरे आहे. त्यात ‘सूर्याभोवती’ हा एक शब्द नकळत शिरला की तेच वाक्य खोटे होते. आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधात नेमके हेच झाले होते.

आर्यभटाने काय सांगितले ते पाहू. इ.स. ४९९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने आपला ग्रंथ रचला. त्याच्या गोलपादात नावेचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, त्याप्रमाणे लंकेवरून पाहणाऱ्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा त्याचा आशय. एका महायुगात पृथ्वी किती वेळा पूर्वेकडे वळते याची संख्याही त्याने दिली आहे. ती १,५८,२२,३७,५०० अशी आहे. म्हणजे हा केवळ कविकल्पनेचा विलास नव्हे, तर गणिताने मांडलेले मत आहे. त्या काळी हे मत किती धाडसाचे होते हे त्याच्या विरोधकांवरून कळते. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडे परत येऊ शकले नसते, असा आक्षेप वराहमिहिराने घेतला. ब्रह्मगुप्तानेही इ.स. ६२८ च्या आपल्या सिद्धांतात हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. उलट पुढे पृथूदकस्वामीने, ब्रह्मगुप्ताच्याच ग्रंथावर टीका लिहिताना, आर्यभटाची बाजू उचलून धरली. मतभेदाची ही परंपरा आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे, आणि तिच्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे.

पण हे सर्व परिवलनाविषयी झाले. परिभ्रमणाविषयी आर्यभट काय म्हणतो? त्याच ग्रंथाच्या कालक्रियापादात ग्रहांच्या कक्षांचा क्रम आला आहे. ताऱ्यांच्या खाली शनी, मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि चंद्र. आणि या सर्वांच्या खाली, आकाशाच्या मध्यभागी, मेढीसारखी उभी असलेली पृथ्वी. ‘मेढी’ या शब्दापाशी आम्ही थबकलो. खळ्याच्या मध्यभागी जो खांब रोवतात आणि ज्याला बैलांची पात बांधून मळणी करतात, तो हा खांब. त्याला मेढ किंवा तिवडा म्हणतात. आता मळणीयंत्रे आली असली, तरी आमच्या पिढीने लहानपणी खळी पाहिली आहेत. बैल फिरतात, मेढ जागची हलत नाही. सूर्य हा बैलांपैकी एक आहे आणि पृथ्वी मेढ आहे, हे आर्यभटाने इतक्या घरगुती उपमेने सांगितल्यावर त्याला सूर्यकेंद्रवादी म्हणण्यास जागा उरत नाही. मेढ स्वतःभोवती वळते एवढेच तो अधिक सांगतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. आर्यभटाने बुध व शुक्र यांच्या शीघ्रोच्चांचे जे भगण दिले आहेत, त्यांवरून बुधाला सुमारे ८८ दिवस आणि शुक्राला सुमारे २२५ दिवस असे काल निघतात. हे काल त्या ग्रहांच्या सूर्याभोवतीच्या फेऱ्यांचेच आहेत. यावरून व्हॅन डर वार्डेन या डच गणितज्ञाने असा तर्क केला की, या गणिताच्या मागे एखादी प्राचीन सूर्यकेंद्र-पद्धती दडलेली असावी. परंतु पृथ्वी मध्यभागी ठेवून, ग्रहाच्या कक्षेवर दुसरे लहान वर्तुळ कल्पूनही हेच आकडे येतात. आकडा खरा असला म्हणजे त्यामागचे चित्रही आपल्याला हवे तेच असते, असे नाही. ग्रंथकार स्वतः चित्र स्पष्ट शब्दांत सांगत असता, त्याच्या आकड्यांतून दुसरे चित्र काढणे हे टीकाकाराच्या धर्माला सोडून आहे.

आपल्या परंपरेत सूर्यकेंद्र-कल्पनेच्या अधिक जवळ कोणी गेला असेल, तर तो केरळातील नीलकंठ सोमयाजी होय. त्याच्या ‘तंत्रसंग्रहा’चा काल इ.स. १५०० च्या आसपासचा. बुध व शुक्र यांच्या गणितातील एक जुनी विसंगती त्याने दूर केली, आणि पाचही ग्रह सूर्याभोवती फिरतात व सूर्य पृथ्वीभोवती फिरतो अशी रचना आपल्या आर्यभटीय-भाष्यात मांडली. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने १५८८ साली प्रसिद्ध केलेली रचना हिच्याशी पुष्कळशी जुळते. नीलकंठाचे नाव आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधात नव्हते. आमच्याही डोक्यात नव्हते. खोट्या अभिमानाने खऱ्या अभिमानाची जागा अडवून ठेवली होती, असेच म्हणावे लागेल.

आता ग्रीसकडे वळू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे स्पष्टपणे मांडल्याचा सर्वांत जुना विश्वसनीय पुरावा सामोस बेटाच्या ॲरिस्टार्कसविषयी आहे. त्याचा काल इ.स.पू. ३१० ते २३० च्या सुमाराचा. येथेही गंमत अशी की, त्याचा जो एकच ग्रंथ आज उपलब्ध आहे, त्यात या कल्पनेचा उल्लेखही नाही. तो ग्रंथ सूर्य व चंद्र यांचे आकार आणि अंतरे यांविषयी आहे. चंद्र बरोबर अर्धा दिसतो त्या वेळी चंद्र आणि सूर्य यांमधील कोन ८७ अंश असतो असे धरून, सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर आहे असे त्याने काढले. खरा कोन ८९ अंशांहून अधिक, जवळजवळ काटकोन आहे आणि खरे अंतर सुमारे ३९० पट आहे. म्हणजे पद्धत निर्दोष, माप सदोष. तरीही सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सहा-सात पट आहे एवढे त्याच्या गणिताने निश्चित झाले. इतका मोठा गोल लहान गोलाभोवती का फिरावा, ही शंका येथूनच त्याच्या मनात आली असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क म्हणून तो सुंदर आहे. पण तो तर्कच.

मूळ पुरावा आर्किमिडीजचा. ‘वाळूचे कण मोजणारा’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे एक छोटे पुस्तक आहे, आणि ते सिराक्यूजचा राजा गेलॉन याला उद्देशून लिहिलेले आहे. सबंध विश्व वाळूने भरले तर किती कण लागतील, एवढी मोठी संख्या लिहिण्याची रीत त्याला दाखवायची होती. त्यासाठी त्याला शक्य तितके मोठे विश्व हवे होते, आणि ते ॲरिस्टार्कसच्या कल्पनेत मिळाले. सूर्य व तारे स्थिर, पृथ्वी सूर्याभोवती वर्तुळात फिरणारी, आणि ताऱ्यांचा गोल इतका विशाल की त्यापुढे पृथ्वीची कक्षा केवळ बिंदुवत, असा तो सारांश आहे. आर्किमिडीज लागलीच त्यावर आक्षेपही घेतो. बिंदूला आकारमान नसते, तेव्हा बिंदूशी प्रमाण कसे सांगता येईल, असे तो विचारतो. मानवजातीच्या एका मोठ्या कल्पनेचा हा जन्मदाखला दुसऱ्याच हिशेबाच्या कागदावर, तोही चुकीच्या दुरुस्तीसह, शिल्लक राहिला आहे.

या कल्पनेचा छळ झाला काय? क्लिअँथिस या तत्त्ववेत्त्याच्या मते ॲरिस्टार्कसवर पाखंडाचा आरोप ठेवावयास हवा होता, असा उल्लेख प्लुटार्कने केला आहे. परंतु तो तीनशे वर्षांनंतरचा, संवादातील थट्टेच्या ओघात आलेला उल्लेख आहे. खटला झाल्याचा कोणताही पुरावा नाही. तरीही अनेक लेखांतून ॲरिस्टार्कसला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले आढळते. पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकात टायग्रिस नदीकाठच्या सिल्यूशियाचा सिल्यूकस याने हे मत निश्चयपूर्वक मांडले, असे प्लुटार्कच सांगतो. त्यानंतर मात्र ही कल्पना मागे पडली.

ती का मागे पडली? ‘लोक अज्ञानी होते’ हे उत्तर सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. पृथ्वी खरोखर सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचे तारे किंचित सरकलेले दिसले पाहिजेत. ते तसे दिसत नव्हते. तारे फार दूर आहेत म्हणून दिसत नाहीत, हे ॲरिस्टार्कसचे उत्तर बरोबर होते. पण ते तपासण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. हे सरकणे प्रत्यक्ष मोजले गेले ते १८३८ साली, बेसेलने. आणि ते एका अंशाच्या दहा हजारांव्या भागाहूनही कमी निघाले. दुसरीकडे, टॉलेमीने इ.स.च्या दुसऱ्या शतकात पृथ्वी मध्यभागी ठेवून ग्रहांची स्थाने सांगणारे समर्थ गणित उभे केले. पृथ्वीच्या परिवलनाचा विचार त्यानेही केला होता. आकाशातील दृश्यांपुरते पाहिल्यास त्यात अडचण नाही, हे त्याने मान्य केले; पण ढग व पक्षी मागे पडतील म्हणून त्याने ते नाकारले. वराहमिहिराचे पक्षी आणि टॉलेमीचे पक्षी एकाच शंकेच्या आभाळात उडत होते. गतीचे शास्त्र तयार होईपर्यंत या पक्ष्यांना घरटे मिळणे शक्य नव्हते.

कोपर्निकसचा जन्म १४७३ चा. त्याचा ग्रंथ न्यूरेंबर्ग येथे १५४३ साली छापला गेला, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यात तो वारला. ग्रंथाच्या आरंभी एक निनावी निवेदन आहे. या कल्पना खऱ्या असण्याची गरज नाही, गणिताला उपयोगी पडल्या म्हणजे पुरे, असा त्याचा सूर आहे. ग्रंथाचे अंतरंग मात्र पृथ्वी खरोखरच फिरते असे मानून लिहिलेले आहे. साहित्याचा कोणताही जाणता वाचक ही विसंगती पाहून म्हणेल की हे दोन हात आहेत. आणि ते तसेच होते. ते निवेदन ओसिअँडर या धर्मोपदेशकाने घातलेले होते. केप्लरने १६०९ साली ते उघडपणे छापून सांगितले. तोवर अनेकांनी तो ग्रंथकाराचाच अभिप्राय मानला. प्रस्तावनेवरून ग्रंथाची परीक्षा करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

दुसरी गोष्ट हस्तलिखिताची. कोपर्निकसच्या हस्ताक्षरातील प्रत क्राकाव येथे जपून ठेवलेली आहे. पृथ्वीच्या गतीच्या संदर्भात फिलोलाउस व ॲरिस्टार्कस यांची नावे घेणारा एक मजकूर तीत आहे. तो खोडला गेला व छापील ग्रंथात आला नाही. यावरून ‘चोरी लपवली’ असा आरोप करणारे लेख आम्ही वाचले आहेत. पण पोपला लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत, पृथ्वीला गती आहे असे मानणाऱ्या फिलोलाउस, हेराक्लायडीस इत्यादी प्राचीनांची नावे त्याने स्वतःच दिली आहेत. शिवाय आर्किमिडीजचे ते वाळूच्या कणांचे पुस्तक प्रथम छापले गेले ते १५४४ साली, म्हणजे कोपर्निकसच्या मृत्यूनंतर. ज्याला लपवायचे असते तो पूर्वसूरींची यादी पोपच्या हाती देत नाही.

मग कोपर्निकसचे श्रेय कोणते? ‘पृथ्वी फिरते’ हे वाक्य त्याचे नव्हे; त्या वाक्याचे परिणाम त्याने शेवटपर्यंत गणिताने नेले, हे त्याचे. मंगळ, गुरू, शनी हे सूर्याच्या बरोबर समोर आले असता वक्री का होतात? बुध सूर्यापासून सुमारे २८ अंशांपलीकडे आणि शुक्र सुमारे ४७ अंशांपलीकडे का जात नाही? जुन्या गणितात ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्र नियम म्हणून घालावी लागे. पृथ्वीला कक्षेत ठेवताच ती आपोआप निघते. आपण पुढे निघून जात असता मागे पडणारा ग्रह उलटा जातो असे भासते, एवढेच. शिवाय पृथ्वीची कक्षा हा मोजण्याचा गज झाला. मंगळाचे अंतर तिच्या दीडपट, गुरूचे पाचपटीहून थोडे अधिक, असे प्रमाण निश्चित झाले. आणि जितका ग्रह दूर तितका त्याचा फेरा सावकाश, हा क्रम उघड झाला. सुटे मणी होते, त्यांत दोरा ओवला गेला.

परंतु या ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याच्या रचनेचा मध्य म्हणजे खरा सूर्य नव्हे, तर पृथ्वीच्या कक्षेचा मध्यबिंदू. सूर्य त्याच्या किंचित बाजूला आहे. वर्तुळांवर वर्तुळे चढविण्याची जुनी पद्धत त्याने सोडली नाही. त्यासाठी वापरलेली काही साधने तेराव्या शतकातील नसिरुद्दीन तुसीच्या आणि चौदाव्या शतकातील दमास्कसच्या इब्न अल-शातिरच्या गणिताशी जुळतात. चंद्राविषयीचे गणित तर इब्न अल-शातिरचेच वाटावे असे आहे. हे दोघेही पृथ्वी मध्यभागी मानणारे होते. कोपर्निकसच्या गणितावर रचलेली १५५१ सालची कोष्टकेही जुन्या कोष्टकांहून फारशी सरस ठरली नाहीत. अचूकपणा आला तो केप्लरने १६०९ साली वर्तुळ सोडून दीर्घवर्तुळ घेतल्यावर. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या तेव्हा टॉलेमीची रचना कोसळली, पण टायकोची टिकली. पृथ्वीच्या परिभ्रमणाचा पहिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो ब्रॅडलीला, १७२८ साली, ताऱ्यांच्या प्रकाशाच्या दिशेतील सूक्ष्म बदलात. म्हणजे कल्पना आणि पुरावा यांत जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर पडले. ‘सिद्ध केले’ हे क्रियापद त्यामुळे ॲरिस्टार्कसलाही लागू नाही आणि कोपर्निकसलाही नाही.

हा विषय मराठीत कधी आला? याचे उत्तर आम्हा माळव्यातील मराठी भाषकांना विशेष जवळचे आहे. इंदूरहून भोपाळला जाताना वाटेत सीहोर लागते. तेथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने एक पाठशाळा चालत असे. तेथील सुबाजी बापू या पंडिताने १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ नावाचे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. पुराणांतील भूगोल, सिद्धांतग्रंथांतील खगोल आणि कोपर्निकसची रचना ही तीन मते त्यात शेजारी शेजारी ठेवून तोलली आहेत. पुराणमत सोडण्यासाठी त्याने भास्कराचार्यांचा आधार घेतला, आणि सिद्धांतमताच्या पायरीवरून तो कोपर्निकसपर्यंत गेला. आमचे सर्व आधीच होते, असे म्हणण्याची गरज त्याला भासली नाही. आमचे सर्व टाकाऊ होते, असेही त्याने म्हटले नाही. पुढे १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा बृहद् इतिहास मराठीतच प्रसिद्ध झाला. एवढी संपत्ती घरात असता आम्ही तांबड्या शाईने ‘उत्तम’ लिहून मोकळे झालो, याची खंत वाटते.

अध्यापिकाबाईंच्या प्रश्नानंतर आमच्या शिक्षकांत थोडी चर्चा झाली. मुलांचा स्वाभिमान कशाला दुखवावा, एका शब्दाचा तर प्रश्न आहे, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. पण आर्यभटाचा मोठेपणा कोपर्निकसच्या मापाने मोजल्याखेरीज आपल्याला तो मोठा वाटत नसेल, तर तो आर्यभटाचा स्वाभिमान नव्हे. पक्ष्यांचा आक्षेप समोर असताना, गतीचे शास्त्र हाताशी नसताना, केवळ नावेतील प्रवाशाच्या अनुभवावरून परिवलन ओळखणारा माणूस स्वतःच्या मापाने पुरेसा मोठा आहे.

पुढील वर्षीच्या वार्षिकाच्या पहिल्या पानावर आम्ही आमच्या सहीने ती दुरुस्ती लिहिली. निबंध लिहिणाऱ्या मुलाला बोलावून आधी त्याला सांगितले, कारण चूक त्याची कमी आणि शेरा देणाऱ्याची अधिक होती. त्याने सर्व शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग सर, आर्यभटाची मेढ वळते, तरी बैल तिच्याभोवती फिरतातच ना?” आम्ही होय म्हटले. तो म्हणाला, “म्हणजे फिरते आणि फिरतात, हे वेगळे.” हीच गोष्ट आम्ही या लेखात इतका वेळ सांगत आलो आहोत. अध्यापकांनी वर्गात निदान परिवलन व परिभ्रमण हे दोन शब्द पाठांतरापुरते न ठेवता बोलण्यात आणावेत, आणि कोणत्याही थोर पुरुषाच्या नावापुढे ‘प्रथम’ व ‘सिद्ध केले’ हे शब्द लिहिण्यापूर्वी त्याचा ग्रंथ एकवार उघडून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.